विहिरीवरची साय

वास पहिल्यांदा भाताला आला. रुख्माबाईने गंजावरचं झाकण काढलं, तोंड बाजूला फिरवलं आणि ओसरीकडे पाहून विचारलं, "काय जी, कंदील कुठी ठेवला होता?"

महागू दोर वळत बसला होता. "खुंटीले हाये की."

"मंग भातात राकेल काहून गेलं?"

नव्या धानाचा भात होता. टाकवत नव्हता, तरी टाकावा लागला. कोंबड्यांनी दोन दाणे उचलले आणि मान झटकून त्याही निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शांताबाईच्या वरणाला तोच वास आला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन तिरपं पडलं तेव्हा विहिरीच्या पाण्यावर मोराच्या पिसासारखे रंग दिसले. या वस्तीचा, टोल्याचा पुढारी डोमाजी. त्याने बादली सोडली, वर ओढली, दोन बोटं बुडवून एकमेकांवर चोळली.

"डिझल हाये, महागूभाऊ," तो म्हणाला.

कुठून आलं हे विचारायला कोणाकडे जावं लागलं नाही. परसवाड्याहून बैहरकडे जाणारी सडक टोल्याच्या वरच्या अंगाला होती, आणि सडकेलगत एका लाकडाच्या ठेकेदाराने तीन वर्षं ट्रक उभे केले होते. ट्रकांसाठी लोखंडी टाकी जमिनीत पुरली होती. टाकीचं बूड सडलं होतं. पाचजण वर गेले, तर मुनशी खुर्चीवरून उठलादेखील नाही. "हमारी टंकी में एक बूँद कम नहीं है," असं म्हणाला, आणि आठ दिवसांत टाकी उपटून, ट्रक भरून सगळा बाडबिस्तरा बैहरच्या जंगलाकडे घेऊन गेला. मागे राहिला एक खड्डा, आणि काळी, तेलकट माती. भांडायलाही माणूस उरला नाही. अशी माणसं जातात तेव्हा फार स्वच्छ जातात.

ही विहीर टोल्याची होती म्हणजे काय, हे सांगायला हवं. छप्पन सालच्या दसऱ्याला टोल्यातली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. त्याच्या आधी बाया वरच्या टोल्याच्या विहिरीवर जायच्या. वर जायच्या म्हणजे पायथ्याला एक चपटा दगड होता, तिथवर. दगडापाशी थांबायचं, घागर डाव्या कमरेवर धरायची, आणि वरच्या बाईला दया आली की ती उभ्यानेच पाणी ओतायची. अर्धं घागरीत, अर्धं डाव्या खांद्यावर. बाजाराला निघालेल्या बाईचा डावा खांदा ओला दिसला की ती कोणत्या टोल्याची हे विचारावं लागत नसे. दीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात चौदाजणांनी मिळून ही विहीर खणली. अठ्ठावीस हात. खाली काळा खडक लागला तेव्हा घण निसटून महागूच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली. पाणी लागलं त्या दिवशी रुख्माबाईने पहिली घागर स्वतः ओढली आणि म्हणाली, "आता मी मरून जाईन, पण त्या गोट्यापाशी उभी नाई राहनार." सतरा वर्षं ती राहिली नव्हती.

आणि आता टोल्याला प्यायला पाणी नव्हतं. खालच्या नाल्याचा डोह होता, कोसभर लांब. डोह फाल्गुनापर्यंत टिकतो. त्यानंतर वाळूत झिरी खणायची, आणि झिरीही आटली की पाणी फक्त एका ठिकाणी असतं. ते ठिकाण सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याचं नाव कोणी काढत नव्हतं.

महागूचा मुलगा वसंता मलाजखंडला रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला होता. पौषाच्या सुरुवातीला तो घरी आला तो एका माणसाला घेऊन. चष्मा, खाकी पँट, खांद्याला पिशवी. हे घनश्यामबाबू मलाजखंडलाच माती-पाणी तपासायच्या कामाला होते. विहीर पाहिली, खड्डा पाहिला, मग खड्डा आणि विहीर यांच्या मधली माती हातात घेऊन त्यांनी तिचा वास घेतला. असल्या कपड्यातल्या माणसाला टोल्याची माती नाकाला लावताना महागूने पहिल्यांदाच पाहिलं.

"काका, इस मिट्टी में जीव रहते हैं," ते म्हणाले. "आँख से नहीं दिखते. उनमें कुछ ऐसे हैं जो तेल खाते हैं."

"तेल खाते?"

"तेल ही उनका खाना है. बाहेर देशाच्या एका पुस्तकात वाचलंय मी." बाबूंना मराठी थोडी येत होती. "बाहर से लाना नहीं पड़ता, यहीं हैं. बस, उनको हवा चाहिए और खाद चाहिए. थोडा युरिया, थोडा सुपर फॉस्फेट. दोगे तो बढ़ेंगे, तेल खाएँगे."

"किती दिवस लागन?"

"ठंड में सुस्त रहते हैं. गर्मी आने दो. मे महिन्यापर्यंत बहुतेक. पक्का नहीं बोलता. मैंने भी करके नहीं देखा."

ते शेवटचं वाक्य महागूला आवडलं. आपल्याला माहीत नाही हे कबूल करणारा बाबू त्याने फारसा पाहिला नव्हता.

जाताना बाबूंनी तीन गोष्टी बजावल्या आणि महागूने बोटांवर मोजून पाठ केल्या. चुना टाकायचा नाही. लाल दवा, ब्लीचिंग पावडर टाकायची नाही, जीव मरतात. आणि विहीर उपसायची नाही, कारण खाली केली की आजूबाजूच्या मातीतलं सगळं तेल ओढून आत येईल.

बाबूंची बस गेल्यावर महागू वसंताला म्हणाला, "हे जिवाचं कोनाले सांगू नोको."

"काहून?"

"सांगून काय होईल? वरच्या टोल्यात म्हनतीन, त्याइच्या हिरीत किडे पडले. पोरं शाळेत जातेत, बाया बाजारात जातेत. तेल पडलं हे लोक भुलतीन. किडे पडले हे नाई भुलनार."

"मायले तरी सांगा."

"तुही माय शांताले सांगन, शांता बजारात सांगन. दवा टाकून राह्यलो म्हनतो मी. दवाच हाये थे."

वसंताला पटलं नाही, पण बापापुढे तो जास्त बोलत नसे. महागूने इथे चूक केली. मी त्याच्या बाजूचा आहे, तरी ही चूक होती हे सांगणं भाग आहे. आयुष्यभर ज्याला लोक घाण म्हणत आले, तो आपल्या पाण्यातल्या जिवांबद्दल अभिमानाने बोलेल कसा, हेही मला कळतं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. परसवाड्याच्या पुनाराम लोहाराकडे एक जुना भाता पडून होता. कातडं दोन जागी फाटलं होतं. महागूने ते ठिगळ लावून शिवलं. बांबूच्या पेरांना आतून तापल्या सळईने भोकं पाडली, एकात एक बांबू बसवून वर सुतळी आणि राळ गुंडाळली, आणि खालच्या टोकाला धोंडा बांधून ती नळी विहिरीत सोडली. भाता दाबला की खाली बुडबुडे यायचे. डोमाजी पहिल्या दिवशी कठड्यावर बसून हसला.

"महागूभाऊ, हिरीले दमा झाला का?"

"हौ. तू पन दोन हात मार."

डोमाजीने मारले. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास भाता चालायचा. मधल्या वेळात खड्ड्यापासून विहिरीपर्यंत महागूने गुडघाभर खोल चर खणला. त्याच विहिरीचं पाणी दोन-चार बादल्या काढून त्यात युरिया विरघळवायचा आणि चरात ओतायचं. तेलकट मातीत फावडं गेलं की दांडाही घसरायचा. हाताला डिझेलचा वास इतका बसला की भाकर खाताना तो डाव्या हाताने नाक दाबून उजव्या हाताने घास घ्यायचा. उरलेल्या बोटांचा पाय थंडीत ठणकायचा. भात्याच्या दांड्याने तळव्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले.

रुख्माबाई दिवसातून तीन खेपा डोहावर जायची. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर गुंड, गुंडावर चरवी. माघ संपता संपता तिची मान एका बाजूला आखडली. रोज ती विहिरीपाशी थांबायची, ओझं न उतरवता विचारायची.

"वास गेला का जी?"

"थोडा गेला."

"तुमचं नाकच गेलं असंन."

पण वास खरंच गेला होता. माघात विहीर पन्नास पावलांवरून नाकाला कळायची, फाल्गुनात वाकून पाहिलं तरच वास लागायचा. रंग तुटक झाले. आणि पाण्याच्या काठाने, दगडांच्या फटींत, बांबूच्या नळीवर एक थर धरू लागला. भुरा, बुळबुळीत. पेज थंड झाल्यावर वर धरते तशी साय. वसंता सुट्टीवर आला तेव्हा त्याने त्यातली बोटभर बाबूंना नेऊन दाखवली. पुढच्या खेपेला निरोप आणला, "बाबा, बाबू म्हनते, हेच ते. यालेच जपा."

त्यानंतर महागू विहिरीत वेगळ्या नजरेने पाहू लागला. आसपास कोणी नसलं की बोलायचाही. "खा बापा, खा. कोनाच्या बापाचं नाई, आमचंच नुकसान हाये, खाऊन टाका." युरिया सोडताना तो मूठ सैल करायचा, सुनेला वाढताना सासूने करावी तशी. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला आपण काय करतो आहोत याची लाज वाटायची, आणि सुखही वाटायचं. इतक्या वर्षांत त्याच्या हाताखाली काम करणारं हे पहिलंच कोणी होतं.

रुख्माबाईला मात्र ती साय दिसली की कसंतरी व्हायचं. "पानी साफ होऊन राह्यलं म्हनता, अन् गोट्यावर ह्या शेंबडावानी काय हाये?"

"दवेचा मळ हाये. राहू दे."

"घासून टाकू का?"

"हात लावू नोको म्हनलं ना!"

तो इतका ओरडला की तिने पदर सावरला आणि निघून गेली. कशासाठी ते तिला कळलं नाही. सांगितलं असतं तर कळलं असतं. बाई काही खुळी नव्हती.

चैत्र लागला. डोह आटला, आणि बाया झिरीवर बसू लागल्या. वाटीवाटीने पाणी काढायचं, एक घागर भरायला तास जायचा. झिरीवर भांडणं होऊ लागली. शांताबाई एकदा म्हणालीच, "काकी, वरच्या हिरीवर जाऊन पाहू. आता कायदा हाये."

"कायदा तुह्या घागरीत पानी टाकनार हाये का?" रुख्माबाई म्हणाली. "आपली हीर साफ होऊन राह्यली. वसंताचा बाप रातदिस मरून राह्यला तिच्यासाठी. जरा दम धर."

त्या आठवड्यात महागूने पाण्यात वाकून पाहिलं आणि त्याला वास आलाच नाही. डोमाजीला बोलावलं, त्यालाही नाही आला. महागूने काचेची बाटली धुऊन पाण्याने भरली, बूच लावलं, धोतराच्या सोग्यात गुंडाळली आणि अकरा एप्रिलला पहाटेच्या बसने बैहरला निघाला. तिथून ट्रकने मलाजखंड. बाराला संध्याकाळी परत येतो असं सांगून गेला.

बाबू दौऱ्यावर होते. महागू वसंताच्या झोपडीत थांबला, दुसरा दिवस पूर्ण थांबला. तेराला सकाळी बाबू आले. बाटली हलवली, उन्हात धरली, वास घेतला, आत नेऊन काहीबाही केलं आणि बाहेर आले तेव्हा हसत होते.

"काका, कमाल कर दिया. बहुत कम बचा है. अजून महिनाभर असंच चालू ठेवा. अभी पीना मत."

"मंग प्याले जमन?"

"लगता है, हाँ."

महागूने बाबूंच्या पायाला हात लावला. बाबू मागे सरकले, त्यांना लाज वाटली. ट्रकमध्ये लाकडांवर बसून येताना महागूच्या डोळ्यांत धूळ जात होती, तो पुसत होता, आणि एक महिना, एक महिना असं मनात घोकत होता. झिरी महिनाभर पुरेल. पुरवावी लागेल. आता टोल्याला सगळं सांगायचं, असंही त्याने ठरवलं. चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीला सगळे जमतील, तिथेच उभं राहून सांगायचं. किडे म्हणाले तर म्हणू दे.

जयंतीची एक रीत या टोल्याची होती. अठ्ठावन्न साली वरच्या टोल्यातला कोणी बोलला होता, याइच्या हिरीत याइच्यासारखंच पानी असन. तेव्हापासून दरवर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी अख्खा टोला मिळून विहीर उपसायचा. तळापर्यंत. गाळ काढायचा, दगडन् दगड काथ्याने घासायचा, आतून चुना मारायचा. परसवाड्यातही एवढी स्वच्छ विहीर नव्हती. ही रीत महागूनेच घातली होती आणि दरवर्षी पहिला तोच आत उतरायचा. आपण नसताना कोणी उतरेल हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

तो टोल्यात पोचला तेव्हा दुपार कलली होती. विहिरीभोवती बायामाणसं होती आणि हसण्याचा आवाज येत होता. शांताबाईने त्याला पाहिलं. "आले वो काकी, आले!"

रुख्माबाई कठड्याजवळ उभी होती. कोपरापर्यंत हात पांढरे, कपाळाला चुना लागलेला, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं. मान अजून आखडलेलीच होती, पण चेहरा उजळला होता. असा चेहरा त्याने सतरा वर्षांपूर्वी पाहिला होता, पहिल्या घागरीच्या वेळी.

"पाहा जी," ती म्हणाली. "यंदा तुमाले उतरू नाई देलं. तुमचा पाय दुखते. मी डोमाजीले म्हनलं, येईपर्यंत करून टाकू. बालाघाटचे पाहुने येनार उद्या, त्याइले तो शेंबूड काय दाखवता?"

महागूने आत पाहिलं. अठ्ठावीस हात पांढरंशुभ्र होतं. तळाला डोमाजी उभा होता, घोट्याएवढ्या पाण्यात, आणि वर पाहून हात हलवत होता. बांबूची नळी घासून, धुऊन कडुनिंबाला टेकवून ठेवली होती. कठड्याखाली भुऱ्या सायीचा ढीग होता, त्यावर माश्या बसल्या होत्या आणि कडेने तो वाळून तडकत होता.

"दवाखान्याची बिलीचिंग पावडर बी टाकली," शांताबाई म्हणाली. "दोन डबे."

महागू खाली बसला. ढिगाला हात लावला. गरम होता.

"काय झालं जी?" रुख्माबाईने विचारलं. "काय झालं? बोला ना. बाबू काय बोलला?"

तेव्हा त्याने सांगितलं. जीव, हवा, खाद, तेल, तीन गोष्टी, सगळं. सावकाश सांगितलं, कोणाकडे न पाहता. डोमाजी तळातून वर चढून आला होता, तोही ऐकत उभा राहिला. चुन्याचं पाणी त्याच्या कोपरांवरून थेंब थेंब गळत होतं.

"मंग आमाले काहून नाई सांगतलं, महागूभाऊ?" तो शेवटी म्हणाला.

महागूने ढिगावरच्या माश्या हाताने उडवल्या.

रुख्माबाई म्हणाली, "मले नाई सांगतलं." एवढंच. मग तिने आपले पांढरे हात पाहिले आणि लुगड्याला पुसू लागली, पुसतच राहिली.

दुसऱ्या दिवशी जयंती झाली. फोटोला हार घातला, पाहुणे बोलले, पाहुण्यांना झिरीचं पाणी दिलं. सकाळीच विहिरीत दोन पुरुष उंचीचं पाणी चढलं होतं आणि त्यावर काळा थर होता, कार्तिकात होता त्याच्या दुप्पट जाड. बाजूच्या मातीतलं सगळं तेल रिकाम्या विहिरीत ओढून आलं होतं. पांढऱ्या चुन्यावर त्याची रेघ लांबून दिसत होती. महागूने नळी पुन्हा सोडली आणि भाता मारायला बसला. बुडबुडे आले, तेलातून फुटले, आणि वास उठला. टोल्यातलं कोणी जवळ आलं नाही. डोमाजी दुसऱ्या दिवशी आला, चार हात मारले आणि गेला.

चार दिवसांनी झिरी आटली. वाळूत हात घालून शांताबाई ओली माती तेवढी वर काढत होती.

पाचव्या सकाळी रुख्माबाईने गुंड घासला. राखेने, चिंचेने, चकचकीत. लुगडं धुतलेलं नेसली. महागू भात्यावर होता. ती त्याच्यासमोरून गेली, वरच्या टोल्याकडे वळली. त्याने पाहिलं.  तो भाता मारत राहिला.

ती परत आली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. गुंड भरलेला होता. डाव्या खांद्यावरचं लुगडं भिजून अंगाला चिकटलं होतं, पदराच्या टोकातून पाणी गळत होतं.

महागूचे हात थांबले. "थे... त्याइनं तुले वर नाई येऊ देलं?"

रुख्माबाईने गुंड उतरवला. मान सरळ होत नव्हती म्हणून ती तिरकीच त्याच्याकडे पाहत राहिली.

"कोनी काही नाई म्हनलं," ती म्हणाली. "अनुसया पाटलीन होती वर. म्हने, ये वो, वर ये. तिनं दोनदा म्हनलं." तिने डोक्यावरची चुंबळ काढली. "माहे पायच नाई उचलले जी. त्या गोट्यापाशी थांबले. आपोआप थांबले. अन् मी गुंड डाव्या बाजूले घेतला."

 तिने पेला भरला आणि त्याच्यापुढे धरला. चुन्याने तिच्या बोटांची सालं निघाली होती. पाण्याला कसलाही वास नव्हता. तो सकाळपासून भात्यावर होता, त्याला तहान लागली होती. त्याने पेला घेतला आणि प्यायला.